नाक्सोस, मार्गे सोहार

आमच्या कारखान्यात तेलाच्या बाटलीला बूच नीट बसत नव्हतं, म्हणून मी ग्रीसला जायचं ठरलं.

वाक्य विचित्र वाटेल, पण आखातातल्या नोकरीत माणसाचं नशीब अशाच गोष्टींच्या टोकाला बांधलेलं असतं. आमचा कारखाना ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीत, मस्कतच्या घरापासून रोज दोन तासांच्या बसप्रवासावर. सूर्यफुलाचं तेल बाटल्यांत भरायचं, बूच लावायचं, खोक्यात घालायचं. गेलं वर्षभर बूच सैल बसायचं, खोकी तेलानं न्हायची आणि दुकानदार फोनवर आमच्या पूर्वजांची चौकशी करायचे. अखेर कंपनीनं अथेन्सजवळच्या एका फर्मकडून बुचं लावायचं नवं यंत्र घेतलं. ती मंडळी पिढ्यानपिढ्या ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या बंद करत आलेली. यंत्र जहाजावर चढवण्याआधी आपला माणूस जातो, ते बूच लावतं हे डोळ्यांनी बघतो आणि सही करतो, असा रिवाज आहे. तो माणूस मी. ज्या देशानं जगाला तत्त्वज्ञान दिलं, त्या देशात मी बुचं तपासायला निघालो होतो.

बातमी सांगितली तेव्हा शुभदा मेथी निवडत होती.

"अथेन्सपासून समुद्र किती लांब?" तिनं विचारलं.

"शेजारीच बंदर आहे."

"म्हणजे तिथून बोटी सुटत असतील. बेटांवर."

आमच्या घरात बेटाचा विषय पहिल्यांदाच निघत होता. मस्कतमध्ये आमची निम्मी हयात गेली. या सगळ्या काळातली प्रत्येक सुट्टी सांगली आणि ठाणे या दोन देशांत खर्ची पडली. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, माझ्या आईचा गुडघा, तिच्या वडिलांचा मोतीबिंदू, सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा. आणि प्रत्येक दारात पहिला प्रश्न ठरलेला : "केव्हा आलात?" आपण चपला काढून पाण्याचा पेला हातात घेतो न घेतो तोच दुसरा : "परत केव्हा जाणार?" दोन्हींची उत्तरं मिळाली की विचारणाऱ्याचा आपल्यातला रस संपतो.

"मला एकदा अशा ठिकाणी जायचंय," शुभदा म्हणाली, "जिथे मला ओळखणारं एक माणूस नसेल. फक्त चार दिवस. केव्हा आलात नाही, केव्हा जाणार नाही. बस्स."

हे ती मेथीवरची नजर न काढता म्हणाली. संसारी वाचकांना ठाऊक असेल, भांडताना बोललेल्या वाक्यावर अपील करता येतं. मेथी निवडताना बोललेल्या वाक्यावर नाही.

बेटही तिनंच निवडलं. नाक्सोस. कुठल्याशा व्हिडिओत तिनं तिथला समुद्राकाठचा एक भलामोठा संगमरवरी दरवाजा पाहिला होता. नुसता दरवाजा. मागे देऊळ नाही, पुढे अंगण नाही, कडीकोयंडा नाही. "बेल वाजवायची सोयच नाही," ती म्हणाली. मला तेव्हाच समजायला हवं होतं की प्रकरण गंभीर आहे.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मी चूक केली. मस्कतमधला मराठी माणूस हमखास करतो तीच. तिकीट नाही, व्हिसा नाही, आणि मी सांगून मोकळा झालो.

मस्कतच्या अल् घुब्य्रा भागातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दयानंद राहतो. पेशानं हिशेबनीस, वृत्तीनं विश्वकोश. एकदा तो पर्यटन कंपनीच्या बसमधून युरोपातून गेला होता. बस ग्रीसला गेली नव्हती, पण दयानंदच्या ज्ञानाला त्यानं बाधा येत नाही.

"नाक्सोस?" तो म्हणाला. "सँटोरिनी सोडून नाक्सोस? बेहेरे, आग्र्याला जाऊन तुम्ही फक्त बस स्टँड बघून येणार का?"

"शुभदाला तेच बघायचंय."

"वहिनींना कुणीतरी चुकीचं सांगितलंय. मी बोलतो त्यांच्याशी."

तो बोलला. पाऊण तास बोलला. शुभदानं त्याला चहा दिला, चिवडा दिला, आणि शेवटी म्हणाली, "भावजी, सँटोरिनीला आपले लोक खूप जातात ना?"

"खूप! पावलोपावली मराठी ऐकू येतं!"

"म्हणूनच नको."

हे त्याला पटलं नाही, पण त्यानं मनावर घेतलं नाही. उलट माझी जबाबदारीच घेतली. रोज जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये गाठून मला एकेक सूचना मिळू लागली. पैसे मोज्यात ठेवा. ग्रीक माणसानं मान वर केली तर त्याचा अर्थ नाही असा होतो. तिथे कमोडमध्ये कागद टाकायचा नसतो, तेव्हा आपला तांब्या न्यावा, तो कधी धोका देत नाही. मी तांब्या विकत आणला. त्याशिवाय दोन गवती टोप्या आणल्या, शुभदाची रुंद काठाची आणि माझी अरुंद. आरशात बघितल्यावर मी एखाद्या आजारी आंबा व्यापाऱ्यासारखा दिसत होतो, पण दयानंद म्हणाला, "आता शोभताय."

मग मागण्या. इथला कायदा असा की कुणीही मस्कतबाहेर पाय टाकला की परतीच्या बॅगेतला त्याचा हक्क संपला. भारतातून येताना आपण लोकांची लोणची, औषधं आणि ब्लाउज आणतो. ग्रीसहून काय आणणार? ऑलिव्ह तेल. इमारतीतल्या झाडून सगळ्या घरांनी ऑलिव्ह तेल सांगितलं. मी तेलाच्या कारखान्यात काम करतो याची कुणालाही आठवण झाली नाही. तळमजल्यावर नूरुद्दीनचं किराण्याचं दुकान आहे. मूळचा रत्नागिरीकडचा. त्यानं तेवढं तेल मागितलं नाही. "साहेब, तेल माझ्याकडंच हाय," तो म्हणाला. "तुमी फक्त सुखरूप जाऊन या." इमारतीतला एकमेव समंजस माणूस. त्याच्यामुळे पुढे काय होणार होतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता व्हिसा.

व्हिसा सेंटरच्या काउंटरवर एक मल्याळी मुलगी होती. तिनं माझी कागदपत्रं पत्त्यांसारखी पिसली. कंपनीचं पत्र, पगाराचा दाखला, ग्रीक फर्मचं आमंत्रण, नाक्सोसच्या हॉटेलचं बुकिंग. इथे तिचा हात थांबला.

"सर, पर्पज क्या है? बिझनेस या टुरिझम?"

"दोनो."

"दोनो नहीं होता सर. मेन पर्पज बोलो."

मी विचारात पडलो. बूच हा मुख्य हेतू, की बेट? खरं उत्तर माझ्या शेजारी बसलं होतं आणि माझ्याकडे रोखून बघत होतं.

"बिझनेस," मी म्हणालो.

"और मॅडम का?"

"टुरिझम," शुभदा म्हणाली.

"हजबंड बिझनेस, वाइफ टुरिझम, होटल एक?" ती मुलगी आमच्याकडे अशा नजरेनं बघू लागली, जणू आमच्या संसारातलं वैगुण्य तिला नेमकं सापडलं होतं. मग आत गेली, कुणाला तरी विचारून आली. मला म्हणाली, बायको का येतेय याचं कंपनीचं पत्र आणा. कंपनी म्हणाली, तुमची बायको का येतेय ते आम्हाला काय माहीत? मीच पत्र लिहिलं, मॅनेजरनं सही केली : "श्रीमती बेहेरे या श्री. बेहेरे यांच्या पत्नी असल्यामुळे जात आहेत." यापेक्षा पोकळ कारण मी आयुष्यात कागदावर वाचलेलं नाही. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतले. "मेसेज येईल, इन्शाल्ला," असं सांगितलं. इथे इन्शाल्ला म्हटल्यावर पुढचं काही विचारायचं नसतं.

मेसेज आला नाही. निघायचा आठवडा उजाडला, पासपोर्ट तिकडेच. पण दयानंदनं गच्चीवर निरोपसमारंभ आधीच ठरवून टाकला होता. समोसे आले, ढोकळा आला. दयानंदनं 'लोकशाहीची जन्मभूमी' या विषयावर भाषण केलं, त्यात माझा उल्लेख शेवटी आला. आम्हाला नारळ दिला. शुभदानं कढीपत्त्याला आणि तुळशीला पाणी घालायला घराची किल्ली दयानंदच्या स्वाधीन केली. त्यानं ती एखादं संस्थान ताब्यात घ्यावं तशी घेतली.

नारळ घेऊन खाली आलो, लॅपटॉप उघडला, तर ग्रीसहून ईमेल. आमच्या यंत्राला जहाजात अचानक जागा मिळाली, म्हणून ते मागच्या महिन्यातच रवाना झालंय, एक-दोन दिवसांत सोहारला पोचेल. हरकत नाही, चाचणी तुमच्याच कारखान्यात करू. तुम्ही ज्या दिवशी निघणार होतात त्याच दिवशी आमचा इंजिनिअर मानोलिस मस्कतला उतरतोय. तुम्ही येऊ नये.

थोडक्यात, यंत्र माझ्याआधी निघालं होतं, आणि माझ्या दिशेनं.

खाली मानोलिसची स्वतःची टीप होती. ओमानला यायची त्याची फार दिवसांची इच्छा. काम झाल्यावर चार दिवस मसिरा नावाच्या तुमच्या बेटावर काढणार आहे. कसं जायचं, कळवाल का?

मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या माणसानं माझीच सहल उलटी करून पाठवली होती.

शुभदाला सांगताना माझा आवाज फारसा चांगला लागला नसावा. तिनं माझ्या हातातला नारळ घेऊन फ्रिजवर ठेवला. मग म्हणाली, "मसिरा हे बेट आहे?"

"आहे. ओमानचंच. बोटीनं जातात."

"तिथे आपल्या ओळखीचं कोण आहे?"

"मसिऱ्याला? तिथे कोण असणार! वाळू आणि वारा."

"रजा मंजूर आहे ना तुमची? मग चला."

"पण या सगळ्यांना काय सांगायचं? नारळ दिलाय त्यांनी!"

"खरं सांगायचं. मी खोटं बोलणार नाही."

पुण्याला हॉस्टेलवर असलेल्या वल्लरीला फोन केला. आमची ही कन्या मस्कतच्या शाळेत वाढली, त्यामुळे तिचं मराठी अधूनमधून श्वास घ्यायला थांबतं. "बाबा, सिंपल आहे. तुम्ही त्यांना सांगा की... की ते रद्द झालं. व्हॉट्स द बिग डील?" तिला नारळाचं वजन माहीत नाही. ज्या गच्चीवर आपल्याला लोकशाहीच्या जन्मभूमीला रवाना केलं, त्याच गच्चीवर दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला कसं जायचं?

मी सांगतो सांगतो म्हणत राहिलो आणि निघायची सकाळ उजाडली. दारात दयानंद, हातात गाडीची किल्ली. "टॅक्सी? माझ्या जिवंतपणी?"

गाडीत शुभदानं तिचा शब्द पाळला. "भावजी, आम्ही ग्रीसला जात नाही आहोत," ती सरळ म्हणाली.

दयानंद इतका हसला की गाडी शेजारच्या लेनमध्ये गेली. "वहिनी, तुमचा विनोद म्हणजे...! पासपोर्ट घेतलेत ना, बेहेरे?"

मी खिशावर थाप मारली. खिशात चष्म्याचं घर होतं.

त्यानं आम्हाला विमानतळावर 'डिपार्चर्स'च्या दारात उतरवलं, ट्रॉली आणून दिली, आणि आम्ही काचेच्या आत जाईपर्यंत हात हलवत उभा राहिला. आम्ही आतून हात हलवला. तो गेल्यावर लिफ्टनं खाली 'अरायव्हल्स'ला आलो, भाड्याची गाडी घेतली आणि मानोलिसच्या नावाची पाटी धरून उभे राहिलो. डोक्यावर गवती टोप्या, हातात दोन मोठ्या बॅगा. मानोलिस बाहेर आला, साठीकडे झुकलेला, झुबकेदार मिशांचा. आमच्या बॅगा बघून तो गोंधळला. "तुम्ही पण आत्ताच उतरलात?"

"एका अर्थी," मी म्हणालो.

आमच्या ग्रीस दौऱ्याचा पहिला मुक्काम पडला सोहार औद्योगिक वसाहतीजवळच्या हॉटेलात. खोलीच्या खिडकीतून एक धुराडं दिसत होतं, ते नेहमी बघतो तेच, फक्त दुसऱ्या बाजूनं. शुभदा रुंद काठाची टोपी घालून दोन दिवस त्या धुराड्याकडे बघत बसली. तक्रार केली नाही. ती तक्रार करत नाही तेव्हा मला झोप लागत नाही.

कारखान्यात यंत्र सुरू केलं. बूच असं घट्ट बसलं की वर्षाची गळती एका फटक्यात बंद झाली. आता बाटली उघडेना. भरदार दंडाचे सगळे फोरमन येऊन गेले, बूच जागचं हललं नाही. "आमच्याकडे ग्राहक बळकट असतात," मानोलिस म्हणाला, आणि यंत्राच्या पोटात शिरला. तो दोन दिवसांनी बाहेर आला तेव्हा बाटली बंदही होत होती आणि उघडतही होती. मी सही केली. ज्या क्षणासाठी मी ग्रीसला जाणार होतो तो क्षण माझ्या रोजच्या टेबलापासून पंचवीस पावलांवर उरकला.

दरम्यान इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंची मागणी वाढत होती. "पोचलात का?" "अॅक्रोपोलिस?" शेवटी माझा धीर सुटला. सोहारच्या किनाऱ्यावर मानोलिसला उभा करून, मागे निळं पाणी घेऊन एक फोटो काढला आणि एक अक्षरही न लिहिता पाठवला. खोटं मी बोललो नव्हतो. माणूस शंभर टक्के ग्रीक होता.

"एजियन समुद्र!" दयानंदचं उत्तर तत्काळ. "हा निळा रंग जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही. अरबी समुद्राशी तुलना करून पाहा."

शुभदानं ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता फोन परत दिला.

मग मसिरा. सोहार देशाच्या एका टोकाला, मसिऱ्याची बोट जिथून सुटते ते शन्ना दुसऱ्या बाजूला. मानोलिसला मागे बसवून दिवसभर गाडी हाकली. वाळवंट, उंट, पेट्रोलपंप, पुन्हा वाळवंट. जसजशी वस्ती विरळ होत गेली तसतशी शुभदाची कळी खुलत गेली. धक्क्यावर पोचलो तेव्हा ती गुणगुणत होती. "बघा," ती म्हणाली, "इथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही."

"अवो, अल् घुब्य्राचे बेहेरेसाहेब नव्हं तुमी?"

मी वळलो. बर्फाच्या पेट्या लादलेल्या पिकअपमधून एक तिशीतला तरुण उतरत होता. "मी इम्रान! नूरुद्दीनभाय माझे दाजी. तुमाला दुकानात पायलंय ना मी. भाभींना तर हमेशा. मसिऱ्याला माझा मच्छीचा धंदा हाय." आणि मला विषय बदलायची सवड न देता त्यानं फोन लावला. "दाजी, अवो तुमचे बेहेरेसाहेब हितं, शन्न्याला! होय, भाभी पन! टोपी घालून!"

मग शुभदाकडे वळून, अत्यंत आपुलकीनं : "कधी आलाव, भाभी? परत कधी जाशाल?"

मी समुद्राकडे बघायला लागलो. शुभदाचा चेहरा बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

हॉटेल वगैरे शब्दच इम्राननं ऐकून घेतले नाहीत. "माझ्या घरावरून हॉटेलात? दाजी मला उभा जाळतील." त्याची बायको मेहनाज दापोलीकडची, हसऱ्या डोळ्यांची, बेटावर घराबाहेर मराठी बोलायला कुणी नाही म्हणून भुकेलेली. आम्ही मासे खात नाही कळल्यावर ती बिचारी हळहळली, पण तासाभरात घावने आणि नारळाचा रस पुढ्यात आला. इतकं प्रेमानं केलेलं जेवण नाकारणारा माणूस अजून जन्मायचाय. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारपाजारच्या सगळ्या बायका बोलावल्या. शुभदा मधोमध बसली आणि तिला तेच दोन प्रश्न मराठीत, उर्दूत, मल्याळीत आणि अरबीत विचारण्यात आले. समुद्रावर जाऊ म्हटलं तरी मेहनाज सोबत, तिची नणंद सोबत, डबा सोबत. किनारा कोसभर लांब, माणसाचा मागमूस नाही, आणि त्याच्या मधोमध शुभदाभोवती गराडा.

मानोलिस मात्र हरखला होता. पहाटे इम्रानबरोबर होडीतून जायचा, दुपारी ताजी मासळी भाजून खायचा. एका संध्याकाळी वाऱ्यात टोप्या सांभाळत आम्ही बसलो होतो. मी त्याला नाक्सोसची हकीकत सांगितली. तो मिशीत हसत सुटला.

"नाक्सोस? माझं गावच ते!"

"काय सांगता!"

"आई तिथेच असते. बटाट्याचं शेत आहे. दरवर्षी माझी सगळी सुट्टी तिथेच जाते. आईचं छप्पर, बहिणीची मुलं, कुणाचा तरी बाप्तिस्मा. बोटीतून उतरलं की धक्क्यावर पहिला माणूस काय विचारतो माहितेय? कधी आलास? आणि दुसरा विचारतो, परत कधी जाणार?" त्यानं वाळूवर हात टेकले. "म्हणून इथे आलो. इथे मला कुणी ओळखत नाही." मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो उजळला. "पुढच्या वर्षी तुम्ही नाक्सोसला या! आईकडेच उतरा. मी सांगून ठेवतो, सगळं गाव तुमचं स्वागत करील."

शुभदा गोड हसून थँक्यू म्हणाली. मग माझ्या कानाशी मराठीत : "नाक्सोस गेलं. तिथेही आता आपलं घर झालं."

त्याच रात्री नूरुद्दीनचा फोन. "साहेब, काळजी नको. तुमी ग्रीसला नाय हे मी कुनाला नाय बोललो. फक्त दयानंदसाहेबांना. ते तुमचे खास ना!"

मी उठून बसलो. "काय म्हणाले ते?"

"भडकले. बोलले, मी स्वतः विमानतळावर सोडलंय, तो मसिऱ्याचा बेहेरे दुसरा कुनीतरी असनार."

ग्रुप उघडून पाहिला. दयानंदनं खरोखरच जाहीर केलं होतं : "बेहेरे दांपत्याविषयी अफवा पसरवू नयेत. ते रविवारपर्यंत नाक्सोसलाच आहेत." खाली लोकांनी अंगठे उभारले होते.

सकाळी शुभदा बॅग भरूनच बाहेर आली. "आपण परत जाऊ."

"अजून दोन दिवस रजा आहे. घरी गेलो तर..."

"तेच म्हणतेय. रविवारपर्यंत आपण घरी नाही. सगळ्यांना माहितेय आपण घरी नाही." तिच्या डोळ्यांत जी चमक होती ती मी सांगली-ठाण्याच्या वाऱ्यांत कधी पाहिली नव्हती. "बेल वाजवायला कोण येणार?"

मेहनाजनं डोळे पुसले, घावन्यांचं पीठ दिलं, इम्राननं ना-ना म्हणताना सुकी मासळी डिकीत घातली. मानोलिस तिथेच राहिला. त्याला रजा होती आणि त्याला कुणी आवरायला नव्हतं. वाटेत मासळीच्या वासावर उपाय म्हणून शुभदानं खिडकी तेवढी उघडी ठेवली.

अल् घुब्य्रात पोचलो ते भर दुपारी. त्या वेळी मस्कत मिटलेलं असतं. नूरुद्दीनचं शटर खाली, पार्किंगमध्ये मांजरंसुद्धा सावलीत. गाडी मागच्या गल्लीत लावली, टोप्या नाकापर्यंत ओढल्या, चपला हातात घेतल्या आणि स्वतःच्या घरात चोरासारखे शिरलो. पडदे ओढले. फोन बंद केले. बॅगा, मासळीच्या पुडक्यासकट, कोपऱ्यात तशाच ठेवल्या.

मग जे झालं ते सांगायला फारसं काही नाही. शुभदानं चहा केला. बाल्कनीचं दार बोटभर उघडलं, त्यातून ऊन आणि थोडा वारा आला. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली, पाय लांब सोडले, टोपी काढायची विसरली. बराच वेळ कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. मी एकदा म्हणायला गेलो की मसिऱ्याचा खर्च तसा वायाच गेला, तर तिनं नुसता तळहात वर केला. खालून कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्ट्या देत होता, आणि त्या शिट्ट्यांशी आमचा काहीही संबंध नव्हता.

"हे बघा," ती डोळे मिटून म्हणाली, "हेच ते."

आणि दारात किल्ली फिरली.

मला उठायलाही वेळ मिळाला नाही. दार उघडलं, दयानंद आत आला, हातात पाण्याची झारी. बाल्कनीकडे निघाला आणि मध्येच थांबला. त्यानं मला पाहिलं. गवती टोप्या पाहिल्या. कोपऱ्यातल्या बॅगेतून डोकावणारा तांब्या पाहिला. त्याच्या नाकानं सुकी मासळी पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरून एजियन समुद्र, लोकशाही, निरोपाचं भाषण आणि विमानतळावर हलवलेला हात एकामागून एक सरकत गेले. माझी मान आपोआप खाली गेली. आता हा वर जाईल, सगळी इमारत खाली येईल, आणि शुभदाचे दोन दिवस संपतील.

शुभदा जागची हलली नाही. तिनं टोपी किंचित मागे सरकवली, त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि अगदी सौजन्यानं विचारलं :

"केव्हा आलात, भावजी? परत केव्हा जाणार?"

त्यानं झारीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"हा काय," तो हळू आवाजात म्हणाला, "निघालोच."

तरी त्यानं आधी कढीपत्त्याला पाणी घातलं, मग तुळशीला. घेतलेली जबाबदारी तो अर्धवट सोडत नाही. चवड्यांवर चालत तो बाहेर गेला, दार ओढलं आणि बाहेरून कुलूप लावलं. जसं होतं तसं.

संध्याकाळी मला राहवलं नाही. शुभदाचा डोळा लागल्याचं बघून मी क्षणभर फोन चालू केला. ग्रुपवर दयानंदचा संदेश होता :

"नाक्सोसहून आत्ताच खुशाली कळली. बेहेरे दांपत्य मजेत आहे. तिथे नेटवर्क नाही. रविवारपर्यंत कुणीही त्रास देऊ नये."